ढिगाऱ्याबाहेर आल्यानंतर

इमारत कोसळली, दरड आली, भूकंप झाला की आपण सगळे एका बातमीची वाट पाहत असतो. ढिगाऱ्यातून एखादे मूल जिवंत निघाल्याची बातमी. २०१४ मध्ये माळीण गावावर दरड कोसळली, तेव्हा एक तान्हे बाळ आईसह वाचले. २०२० मध्ये महाडची इमारत पडली, तेव्हा एक लहानगा कित्येक तासांनी बाहेर आला. जवानाच्या हातांवर धुळीने माखलेले मूल दिसते, लोक टाळ्या वाजवतात, आपलेही डोळे भरून येतात. मग रुग्णवाहिकेचे दार लागते आणि बातमी संपते. मुलाची गोष्ट मात्र तिथून पुढे सुरू होते. आज मला त्या दारापलीकडचे थोडे सांगायचे आहे.

मी डॉक्टर नाही. कविता लिहितो आणि बी. ए.च्या पुढे शिकलेलो नाही. पण वयाच्या तेविसाव्या वर्षी सव्वादोन महिने मी अशाच एका मुलाच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून काढले. तेव्हा जे पाहिले त्याचा अर्थ कळावा म्हणून पुढे तीस वर्षे मिळेल ते वाचत राहिलो, डॉक्टर मित्रांना विचारत राहिलो. आज जे सांगतो आहे, ते त्यातूनच आलेले आहे.

तारीख होती ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भुईसपाट झाली. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण ते आठ ते दहा हजारांच्या घरातले आहेत. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. एवढ्या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात. मग इथे एवढी माणसे का गेली?

उत्तर घरांत होते. त्या भागातली घरे काळ्या दगडाची. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, पण चुन्या-सिमेंटात नव्हे, मातीत रचलेल्या. भिंतीचा बाहेरचा थर आणि आतला थर यांना धरून ठेवणारे आडवे दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. वर लाकडी तुळया आणि त्यांवर जाड मातीचे माळवद. उन्हाळ्यात ही घरे गार राहत, चोराचिलटाची भीती नसे. जितकी भिंत जाड तितका मालक मातब्बर. त्या पहाटे जाड भिंतीच फुटून आत-बाहेर ढासळल्या आणि माळवद खाली बसले. गावकुसाबाहेर कुडाच्या झोपडीत राहणारी गरीब माणसे मात्र बरीचशी वाचली. भूकंप माणसे मारत नाही, घरे मारतात, असे अभियंते म्हणतात. किल्लारीत ते अक्षरशः खरे ठरले.

आम्ही सोलापूरचे. अब्बा यंत्रमागावर कामाला. दुपारपर्यंत शहरातल्या मोठ्या इस्पितळांत जखमींच्या गाड्या यायला लागल्या. डिसेंबर ब्याण्णवनंतरचे ते वर्ष होते, माणसे एकमेकांशी जपून बोलत. पण त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी थापलेल्या भाकऱ्या आणि शेजारच्या गणेश मंडळाने गोळा केलेली पांघरुणे एकाच टेम्पोत गेली. मला नोकरी नव्हती. मी इस्पितळात थांबलो. आधी स्ट्रेचर उचलले, मग एका सिस्टरने मला स्टूल दिले आणि म्हणाली, “या मुलाचं कुणी अजून आलं नाही. तू इथंच बस.”

तो सात वर्षांचा होता. तीसेक तास ढिगाऱ्याखाली होता. तुळई एका खांबाला टेकून तिरपी पडली आणि तिच्याखाली थोडी पोकळी राहिली. त्या पोकळीत तो होता आणि त्याला बिलगून त्याची माय. उजव्या मांडीवर दगड होता. आई वाचली नव्हती. बाप आणि धाकटी बहीणही नाही. हे सगळे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले, त्याची आजी आणि मामा शोधत शोधत आले तेव्हा. आजीने मला नाव विचारले. मी सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “बस बाबा. लेकराला हाताशी माणूस पाहिजे.”

आता शरीराचे पाहू. आपल्याला वाटते, दगड उचलला की संकट टळले. डॉक्टरांची खरी परीक्षा तिथेच सुरू होते. हातापायाचा मोठा स्नायू काही तास दाबून राहिला की त्यातल्या पेशी फुटतात. दगड असतो तोवर त्यांतला मालमसाला तिथेच अडकून राहतो. दगड उचलताच रक्त पुन्हा वाहू लागते आणि ते सगळे अंगभर पसरते. त्यातले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते आणि स्नायूंमधले मायोग्लोबिन नावाचे द्रव्य मूत्रपिंडांत जाऊन ती निकामी करू शकते. म्हणून कधी कधी हसतबोलत बाहेर आलेला माणूस थोड्या वेळाने जातो. १९४१ साली लंडनवर बाँब पडत असताना एरिक बायवॉटर्स या डॉक्टरने अशा रुग्णांचे बारकाईने वर्णन केले, आणि त्यानंतर हा विकार ‘क्रश सिंड्रोम’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९९९ च्या तुर्कस्तानातील भूकंपानंतर अशा शेकडो रुग्णांना डायलिसिसवर ठेवावे लागले. आता बचाव पथकांना शिकवतात की शक्य असेल तर माणूस अजून दगडाखाली असतानाच त्याला सलाइन सुरू करा, मग दगड हलवा.

यावर मोठा उपाय म्हणजे पाणी. शिरेतून भरपूर आणि मोजून मापून. मूत्रपिंडे चालू आहेत की नाहीत हे कळण्याची साधी खूण म्हणजे लघवी किती होते आणि तिचा रंग काय. डॉक्टरांनी मला वहीचा कागद दिला आणि दर तासाला रंग लिहायला सांगितले. पहिल्या रात्री मी लिहिले, ‘काळ्या चहासारखा’. दुसऱ्या दिवशी ‘दुधाशिवायच्या फिक्या चहासारखा’. चौथ्या दिवशी सकाळी मी ‘पिवळा’ असा एकच शब्द लिहिला. डॉक्टरांनी तो वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या कुठल्याही कवितेला तशी दाद पुढे मिळाली नाही.

लहान मुलांच्या बाबतीत निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्याने घेतो. देह छोटा, म्हणून छोट्या पोकळीतही मावतो. पण तोच छोटा देह लवकर कोरडा पडतो आणि लवकर गार होतो. मोठ्या माणसाच्या हिशेबाने मुलाला सलाइन देता येत नाही. वजन पाहून, थेंब मोजून द्यावे लागते. फुप्फुसांत गेलेली धूळ, जखमेत गेलेली माती, धनुर्वाताची भीती हे सगळे वेगळेच.

हाडाची गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. मुलाचे हाड पुष्कळदा ओल्या फांदीसारखे वाकते, एका बाजूने चिरते, पण पूर्ण तुटत नाही. तुटलेच तर लवकर जुळते. मोठ्या माणसाची मोडलेली मांडी जुळायला कित्येक महिने लागतात, सात वर्षांच्या मुलाची सहा-आठ आठवड्यांत जुळू लागते. गंमत अशी, की मोडलेले मांडीचे हाड दुरुस्त होताना थोडे जास्तच वाढते. म्हणून डॉक्टर कधी कधी तुटलेली टोके मुद्दाम किंचित एकावर एक राहू देतात. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत पाय आपोआप बरोबरीला येतो.

त्या काळी अशा मांडीला खाटेच्या टोकाशी कप्पी लावून, दोरीने वजन लटकवून ताणून ठेवत. जखमी एवढे आले होते की वजने संपली. मग जे हाताला लागले ते लटकवले गेले. आमच्या मुलाच्या दोरीला फडक्यात बांधलेले दगड आले. शुद्धीवर आल्यावर त्याने ते पाहिले आणि जो आक्रोश केला, तो मला अजून ऐकू येतो. कुणाच्या लक्षातच आले नव्हते. ज्याच्यावर भिंत पडली, त्याच्याच पायाला आम्ही दगड बांधले होते. सिस्टरने धावत जाऊन वाळूची पिशवी आणली, त्याच्यासमोर उघडून दाखवली, त्याचा हात वाळूत घातला आणि मग ती बांधली. तेव्हा तो शांत झाला. उपचार आणि दुखापत यांतला फरक मुलाला सांगितल्याशिवाय कळत नाही, एवढे मी त्या दिवशी शिकलो.

आता मनाचे. हे सांगणे मला अवघड जाते, कारण इथे माझ्या हातून चूक झाली.

मामा म्हणाला, “त्याला काही सांगू नका, सोसायचं नाही.” सगळ्यांनी माना हलवल्या. मुलाने विचारले, “माय कुठंय?” आणि मी सांगितले, “लातूरच्या दवाखान्यात आहे. बरी झाली की येईल.” तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तिच्या बी पायाला दगड बांधलेत का?” मी म्हणालो, “हो.”

एक खोटे सांभाळायला रोज नवे लागते. आज ती काय जेवली? तिला सलाइन आहे का? मी उत्तरे देत गेलो. तो मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. अन्न चघळून तोंडातच ठेवी. वॉर्डाचे दार वाजले की मान वळवी. अंथरुणात लघवी करू लागला, अंगठा चोखू लागला. झोपताना छताकडे पाहून डोळे मिटत नसे. पंख्याची घरघर झाली तरी खाटेची दांडी घट्ट धरी. औषधांची रिकामी खोकी एकावर एक रचायचा, मुठीने पाडायचा, पुन्हा रचायचा. खोक्यांखाली इंजेक्शनची एक छोटी रिकामी बाटली असायची. ती तो कधीच बाहेर काढत नसे. कंटाळवाणा, आनंद नसलेला खेळ. आम्ही खोकी काढून घ्यायचो आणि कुणी आणून दिलेली चावीची मोटार पुढे करायचो. मोटारीला तो हातही लावत नसे.

पुढे वाचनातून कळले की यांतले काहीच वेडेपणाचे नव्हते. १९७६ मध्ये अमेरिकेतील चौचिला गावी शाळेची मुले बससकट पळवून नेली गेली होती. सुटून आलेल्या त्या मुलांचा लेनोर टेर या डॉक्टरबाईंनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. तीही असेच तोच तो खेळ खेळत. मोठा माणूस घडलेले पुन्हा पुन्हा बोलून दाखवतो, मूल ते खेळून दाखवते. खेळ काढून घेणे म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणे. जवळ बसावे, पाहावे, त्याने बोलावले तर सामील व्हावे. खेळाचा शेवट बदलू लागला की समजावे, आत काही हलते आहे. अंगठा चोखणे, अंथरूण ओले करणे हेही बहुतेक मुलांत हळूहळू जाते. रागावले, लाजवले तर लांबते.

दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये बेघर मुलांसाठी पाळणाघरे चालवली. त्यांचा अनुभव असा, की बाँबहल्ल्यात आईबरोबर राहिलेली मुले पुष्कळदा सावरत; आईपासून तुटलेली, सुरक्षित ठिकाणी नेलेली मुले अधिक खचत. तरीही नंतर कित्येक वर्षे इंग्लंडमधल्या इस्पितळांत आईबापांना आजारी मुलाला भेटायची वेळ मोजूनमापून मिळे. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या मुलीच्या इस्पितळातल्या दिवसांचा एक माहितीपट केला. मूल शांत झाले म्हणजे रुळले असे नव्हे, कधी कधी ते आशा सोडून देते, हे त्यातून लोकांना दिसले. १९५९ च्या सरकारी अहवालाने मग भेटीचे नियम सैल करण्याची शिफारस केली. आपल्याकडे खाटेखाली चटई टाकून झोपणाऱ्या आजीला आपण गर्दी म्हणतो. ती गर्दी हेही औषधच आहे.

आमच्या वॉर्डातही खोटे मोडले ते सिस्टरमुळे. तीन आठवडे झाले होते. तिने आजीला बाजूला घेतले आणि सांगितले, “तो जेवत नाही. तो वाट बघतोय. त्याला तुमच्या तोंडून कळू द्या, बाहेरच्याच्या नको.” आजी दिवसभर रडली. संध्याकाळी खाटेवर बसली, त्याचे डोके मांडीवर घेतले आणि म्हणाली, “माय गेली रं राजा. बाप गेला, बहीण गेली. ती आता यायची न्हाईत. मी हाय. मी कुटं जात न्हाई.”

तो रडला नाही. म्हणाला, “मला ठावं हाय. माय बोलायची थांबली तवाच.” मग मान वळवून माझ्याकडे पाहिले. “तू म्हणला, तिच्या पायाला दगड बांधलेत.”

एवढेच. त्यानंतर चार दिवस त्याने माझ्या हातून पाणी घेतले नाही. मी स्टुलावर बसूनच राहिलो, कारण उठून जाणे जास्त वाईट झाले असते. पाचव्या दिवशी रात्री तो म्हणाला, “पाय दुखतोय, सिस्टरला बोलाव.” मी पळत गेलो.

त्याला सगळे ठाऊक होते. तीन आठवडे तो आमचे खोटे ऐकत होता आणि आपल्याला माहीत आहे ते एकट्याने सांभाळत होता. आम्ही त्याला वाचवत नव्हतो, आमची सुटका करून घेत होतो. पाच वर्षांखालच्या मुलाला मरण म्हणजे कुठेतरी जाऊन परत येण्यासारखे वाटते. त्याला तेच ते अनेकदा सांगावे लागते. सहा-सात वर्षांपासून बहुतेक मुलांना कळू लागते की गेलेले माणूस येत नाही. ‘झोपली’, ‘गावाला गेली’ असे म्हटले तर मूल झोपेला भिऊ लागते, गावाला जाणाऱ्या प्रत्येकाला भिऊ लागते. ‘मेली’ हा शब्द कठोर आहे, पण त्यात फसवणूक नाही. आणि एक प्रश्न मूल तोंडाने विचारत नाही, पण मनात असतो. माझ्यामुळे झाले का? ते न विचारताच सांगावे लागते, की तुझ्यामुळे काही झाले नाही.

आजीने सांगितल्यानंतर आठवड्याभराने तो जेवू लागला. रात्री खूप रडायचा, आणि सिस्टर म्हणायची, “रडू द्या, हेच पाहिजे होतं.” दिवाळीनंतर एकदा मी पाहिले, खोक्यांचे घर पडल्यावर त्याने काडेपेटीतली एक काडी घेतली आणि तिने उकरून ती बाटली बाहेर काढली.

डिसेंबरात मामाने त्याला नेले. अनेक मुलांचे असे मामा उरले नव्हते. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. मनाच्या जखमांनाही उपचार लागतात हा विचार आपल्याकडे सरकारी पातळीवर गंभीरपणे होऊ लागला, त्यात किल्लारीचा मोठा वाटा आहे. १९९५ मध्ये मी त्या भागात गेलो, तेव्हा माणसे अजून पत्र्याच्या शेडमध्ये होती. तो नऊ वर्षांचा झाला होता. न लंगडता पळत आला. पण रात्री आत झोपत नव्हता, अंगणात आजीशेजारी झोपायचा. मामा म्हणाला, “हट्टी हाय.” मी म्हटले, “झोपू द्या.” नंतर गावे हलली, पत्ते बदलले आणि आमची भेट राहिली.

आता कधी अशी दुर्घटना झाली की ओळखीतले कुणी विचारते, मुलांसाठी काय नेऊ? मी सांगतो, खेळणी नेऊ नका, तिथे ढीग पडतो. त्याच्या घरचे एखादे माणूस रोज येऊ शकेल एवढे बसभाडे द्या, त्या माणसाच्या जेवणाची सोय करा. मुलाला ‘काय झालं ते सांग’ म्हणून छेडू नका आणि तो सांगू लागला तर थांबवू नका. त्याचे फोटो काढू नका. इंजेक्शन दुखणार असेल तर ‘दुखेल, पण थोडा वेळ’ असे सांगा. संध्याकाळी जाताना ‘उद्या येतो’ म्हणालात तर उद्या जा. महिन्या-दोन महिन्यांनंतरही झोप येत नसेल, जेवण तुटले असेल, मूल कुणाशीच बोलत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. त्यात कमीपणा नाही.

आणि मोठे दुःख सांगायची वेळ आलीच, तर ते त्याच्या जवळच्या माणसाने, थोडक्या शब्दांत, खरे सांगावे. सांगून झाल्यावर उठून जाऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)